पायथॉन शून्यापासून: घरच्या लाइट बिलावर प्रोग्रामिंग शिका

"कोडिंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू?" असं कोणी विचारलं की समोरचा लगेच पाच-सहा व्हिडिओंच्या लिंका पाठवून देतो. मग महिनाभर व्हिडिओ बघून होतात, सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि रिकामी फाईल उघडून बसलं की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. यात तुमचं डोकं कमी पडतंय असं अजिबात समजू नका. व्हिडिओत सगळे निर्णय त्या शिकवणाऱ्याने आधीच घेतलेले असतात, कोणती गोष्ट आधी, कोणती नंतर, कशाला काय नाव द्यायचं, आणि प्रोग्रामिंगमध्ये शिकायचं तर नेमकं तेच असतं.

म्हणून इथे एकच गणित घेतलंय, दर महिन्याला घरी येणारं लाइट बिल, आणि तेच शेवटपर्यंत धरून ठेवायचंय. व्हेरिएबल, इनपुट, कंडिशन, फंक्शन, लिस्ट, लूप हे सगळं त्या एका बिलातून येतं. आणि एक नियम पाळायचा, तो मी पुढे परत परत सांगणार आहे कारण माझ्या मते नवशिक्यासाठी याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही: रन करायच्या आधी उत्तर काय येईल ते वहीत लिहायचं. अंदाज आणि स्क्रीन जुळले तर तुम्हाला ते कळलंय. नाही जुळले तर नेमकं कुठे कळलं नाही ते तिथल्या तिथे सापडतं.

आधी भाषा आणि सामान

पायथॉनने सुरुवात करा. गिडो व्हान रॉसम यांनी ती १९८९ च्या शेवटी लिहायला घेतली आणि १९९१ मध्ये पहिल्यांदा बाहेर आणली, म्हणजे नवी फॅशन वगैरे नाहीये. आपल्याकडे बऱ्याच कॉलेजात अजून निळ्या पडद्याच्या टर्बो सीवर शिकवतात, सी भाषा वाईट नाही, मशीन आतून कसं चालतं ते तिच्यातून छान कळतं, पण पहिल्या आठवड्यात सेमीकोलन आणि हेडर फाईलींशी झगडण्यात जी शक्ती जाते ती विचार करण्यात गेलेली बरी. सी नंतर शिका, तेव्हा सोपी जाईल.

इंग्रजीची भीती असेल तर एवढं लक्षात ठेवा की पायथॉनमध्ये भाषेचे स्वतःचे राखीव शब्द, म्हणजे कीवर्ड, ३५ आहेत. या लेखात त्यातले आठ लागतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना "माझं इंग्रजी कच्चं आहे, मला जमणार नाही" असं म्हणताना ऐकलं की खरंच वाईट वाटतं, कारण आठ शब्द पाठ व्हायला एक दुपार पुरते.

लॅपटॉप किंवा पीसी असेल तर पायथॉन डॉट ऑर्ग या साइटवरून पायथॉन ३ घ्या, फुकट आहे. विंडोजवर इन्स्टॉल करताना खाली पाथमध्ये जोडायची चौकट दिसली तर तिथे टिक करा, ती राहिली की नंतर कमांड विंडोत पायथॉन सापडतच नाही आणि माणूस पहिल्याच दिवशी वैतागतो. सोबत आयडल नावाचा छोटा एडिटर येतो, सुरुवातीला तोच पुरे. त्यात फाईल मेनूतून नवी फाईल घ्यायची, सेव्ह करायची, एफ-५ दाबलं की रन. भारीतले एडिटर आणि त्यांच्या थीम निवडण्यात संध्याकाळ घालवू नका. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ हे ॲप चालतं, किंवा ब्राउझरमध्ये गुगल कोलॅब, त्यात काही इन्स्टॉल करावं लागत नाही. फोनवर कंस आणि अवतरण चिन्हं शोधत बसावं लागतं म्हणून स्पीड कमी येतो, पण शिकायचं थांबत नाही.

जुन्या नोट्स किंवा पीडीएफ बघत असाल आणि त्यात प्रिंटच्या पुढे कंस नसेल तर ती पायथॉन २ ची आहे असं समजा आणि बाजूला ठेवा. पायथॉन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला.

आणखी एक छोटी गोष्ट, आपल्या फाईलचं नाव रँडम किंवा टर्टल असं ठेवू नका. या नावांची मॉड्यूल्स, म्हणजे तयार कोडच्या फाईली, पायथॉनमध्ये आधीच आहेत, उद्या ती वापरायला गेलात की पायथॉन तुमचीच फाईल उचलतो आणि विचित्र एरर येते. बिल-१, बिल-२ अशी साधी नावं ठेवा.

खालचा कोड कसा वाचायचा

इथे सगळा कोड देवनागरीत लिहिलाय. मशीनवर टाइप करताना प्रिंट, इनपुट, इंट, इफ, एलिफ, एल्स, फॉर, इन, व्हाइल, डेफ, रिटर्न, आणि पुढे येणारे फ्लोट, रेंज, लेन हे शब्द इंग्रजी लिपीत लिहायचे, सगळी अक्षरं लहान, आणि कोडमधले आकडेही इंग्रजीच. इंट म्हणजे आय-एन-टी, डेफ म्हणजे डी-ई-एफ, एलिफ म्हणजे ई-एल-आय-एफ, लेन म्हणजे एल-ई-एन, बाकीच्यांचं स्पेलिंग नेहमीचंच.

आपण दिलेली नावं, म्हणजे मागील, चालू, युनिट, रक्कम, ही मात्र मराठीत तशीच ठेवली तरी पायथॉन ३ ला चालतात, खरंच चालतात, करून बघा. सारखं किबोर्ड बदलायचा कंटाळा येत असेल तर तेच मराठी शब्द रोमनमध्ये लिहा. नाव अर्थाचं हवं एवढंच. एक्स, वाय, झेड अशी नावं ठेवलेला कोड दुसऱ्या दिवशी लिहिणाऱ्यालाच कळत नाही.

पायरी पहिली: कॉम्प्युटर बंद, वही उघडी

बिल समोर घ्या. त्यावर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग असतं, त्यांची वजाबाकी म्हणजे वापरलेले युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात युनिटचे टप्पे आहेत: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. प्रत्येक टप्प्याचा दर वेगळा. खरे दर बदलत राहतात म्हणून आपण हिशोबाला सोपे दर धरू, पहिल्या टप्प्याला युनिटमागे ४ रुपये, मग ८, मग १२, मग १५.

आता २५० युनिटचं बिल हाताने काढा. इथे बरेच जण २५० गुणिले ८ करून २००० लिहितात, आणि ते चुकीचं आहे. पहिल्या १०० युनिटना ४ चाच दर लागतो, म्हणजे ४००. उरलेल्या १५० ना ८, म्हणजे १२००. एकूण १६००. टप्पे कसे लागतात हे तुम्हाला स्वतःला कळलेलं नसेल तर प्रोग्राम २००० हेच उत्तर अगदी बिनबोभाट देईल, एररसुद्धा येणार नाही. कॉम्प्युटरला तुमच्या मनातलं कळत नाही, तुम्ही लिहिलेलं तेवढं तो करतो.

वहीत अजून तीन-चार आकडे काढून ठेवा: १०० युनिटला ४००, ३०० ला २०००, ४५० ला ३८००, ५०० ला ४४००. हे पान फाडू नका, पुढे लागणार आहे.

पायरी दुसरी: नावं आणि बरोबरचं चिन्ह

आता फाईल उघडा आणि एवढंच लिहा.

मागील = ४३२०
चालू = ४५७०
युनिट = चालू - मागील
प्रिंट(युनिट)

रन करण्याआधी वहीत उत्तर लिहा. २५० लिहिलं असेल तर छान. मागील, चालू, युनिट अशा किंमत धरून ठेवणाऱ्या नावांनाच व्हेरिएबल म्हणतात.

इथलं बरोबरचं चिन्ह शाळेतल्या गणितातलं नाही, आणि नवशिक्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो म्हणून जरा थांबून वाचा. पायथॉन आधी उजवी बाजू सोडवतो, जे उत्तर येईल ते डावीकडच्या नावाला देतो. म्हणून "एकूण = एकूण + १०" असं लिहिता येतं, गणितात हे वाक्य अशक्य आहे पण इथे त्याचा अर्थ "एकूणची आत्ताची किंमत घे, त्यात १० मिळव, आणि परत एकूण या नावाला दे". ते पक्कं झालंय का बघायला हे करा.

अ = ५
ब = ७
अ = ब
ब = अ
प्रिंट(अ, ब)

अदलाबदल होऊन ७ ५ येईल असं वाटतं ना? येतं ७ ७. तिसऱ्या ओळीत अ ची जुनी किंमत गेली, ५ आता कुठेच शिल्लक नाही, मग चौथी ओळ ब ला काय देणार? वहीत अ आणि ब असे दोन कॉलम करून ओळीगणिक किंमती लिहीत गेलात की हे लगेच दिसतं. याला ड्राय रन म्हणतात, आणि अनुभवी लोकही अडले की हेच करतात. पायथॉन ट्युटर नावाची फुकट वेबसाइट आहे, तिथे कोड टाकला की एकेक ओळ पुढे सरकवत प्रत्येक नावाची किंमत चित्रात दिसते, पण आधी वहीत करा, मग तिथे ताडून बघा.

पायरी तिसरी: इनपुट, आणि आकड्यासारखा दिसणारा मजकूर

दर वेळी फाईलमध्ये आकडे बदलत बसायला नको म्हणून प्रोग्रामलाच विचारायला लावू.

मागील = इनपुट("मागील रीडिंग: ")
चालू = इनपुट("चालू रीडिंग: ")
युनिट = चालू - मागील

रन केलं, आकडे दिले, आणि टाइपएरर. कारण इनपुट जे आणून देतो तो कायम मजकूर असतो, तुम्ही आकडे टाइप केले तरी. ४५७० हा त्याच्या लेखी चार चिन्हांचा शब्द आहे, आणि शब्दातून शब्द वजा होत नाही. गंमत म्हणजे बेरीज मात्र होते, "५" + "५" चं उत्तर "५५" येतं, आणि "५" * ३ चं "५५५". वजाबाकीत निदान एरर येऊन तुम्ही सावध होता, बेरजेत प्रोग्राम चुपचाप चुकीचं उत्तर देतो. म्हणून इनपुटमधून आकडा घ्यायचा असेल तर त्याला इंटमध्ये गुंडाळायचं.

मागील = इंट(इनपुट("मागील रीडिंग: "))
चालू = इंट(इनपुट("चालू रीडिंग: "))

शेवटी दोन कंस आहेत, एक इनपुटचा आणि एक इंटचा, तो दुसरा विसरला जातो. आणि आपल्यासाठी एक मस्त गोष्ट: प्रोग्राम चालू असताना किबोर्डवरून देवनागरी आकडे दिले, ४५७० असे, तरी इंट ते बरोबर समजतो. फाईलमधल्या कोडमध्ये मात्र देवनागरी आकडा लिहिला तर एरर येते. म्हणजे उद्या घरच्यांसाठी प्रोग्राम बनवला तर त्यांनी मराठीत आकडे टाकले तरी चालेल, हे मला फार आवडतं.

दशांश लागणार असेल तर इंटऐवजी फ्लोट. फ्लोट वापरताना एकदा प्रिंट(०.१ + ०.२) करून बघा, ०.३०००००००००००००००४ असं काहीतरी येतं. पायथॉन बिघडलेला नाही, कॉम्प्युटर आकडे दोनच्या पद्धतीत ठेवतो आणि ०.१ तिथे नेमका बसत नाही. पैशाचे हिशोब करताना म्हणूनच सगळं पैशांत, पूर्ण आकड्यांत ठेवायचं आणि दाखवताना रुपये करायचे. भागाकाराचंही लक्षात ठेवा, १० / २ चं उत्तर ५.० येतं, पूर्ण भाग हवा असेल तर दोन तिरक्या रेघा, आणि बाकी हवी असेल तर टक्क्याचं चिन्ह: ७ // २ म्हणजे ३, ७ % २ म्हणजे १.

पायरी चौथी: टप्पे, म्हणजे इफ

वहीतलं पान काढा. तिथे तुम्ही जो विचार केला तोच आता लिहायचाय.

इफ युनिट <= १००:
    रक्कम = युनिट * ४
एलिफ युनिट <= ३००:
    रक्कम = ४०० + (युनिट - १००) * ८
एलिफ युनिट <= ५००:
    रक्कम = २००० + (युनिट - ३००) * १२
एल्स:
    रक्कम = ४४०० + (युनिट - ५००) * १५
प्रिंट(रक्कम)

पायथॉन वरून खाली येतो, जी पहिली अट खरी निघेल तिच्या आतली ओळ चालवतो आणि बाकीच्या सोडून सरळ खाली प्रिंटवर जातो. म्हणूनच दुसऱ्या अटीत "१०० पेक्षा जास्त आणि" असं लिहावं लागलं नाही, तिथवर पोचलोय म्हणजे पहिली अट खोटी होती हे आलंच. पण त्याचमुळे क्रम महत्त्वाचा. समजा तुम्ही युनिट <= ५०० ही अट सगळ्यात वर टाकली तर ८० युनिटवालाही तिथेच अडकणार, रक्कम २००० अधिक (८० - ३००) * १२, म्हणजे उणे ६४०! एरर येणार नाही, कंपनीच ग्राहकाला पैसे देणं लागते असं बिल येईल.

अटीच्या शेवटी कोलन आणि खालची ओळ चार स्पेस आत, ही पायथॉनची पद्धत. ही आत सरकवलेली जागा दिसायला नीटनेटकी म्हणून ठेवलेली नाही, कोणती ओळ कोणाच्या ताब्यात आहे ते पायथॉन त्यावरूनच ठरवतो. कुठे टॅब कुठे स्पेस असं मिसळू नका. आणि दोन गोष्टी सारख्या आहेत का हे विचारताना बरोबरचं चिन्ह दोनदा, इफ युनिट == ०, कारण एकदा म्हणजे किंमत देणं.

आता तपासणी. नवीन लोक मधलाच कुठलातरी आकडा टाकतात, बरोबर आलं की खूश. चुका मात्र टप्प्याच्या काठावर लपलेल्या असतात. म्हणून ०, १००, १०१, ३००, ३०१, ५००, ५०१ हे सगळे टाकून बघा. उत्तरं यायला हवीत ०, ४००, ४०८, २०००, २०१२, ४४००, ४४१५. १०० वरून १०१ ला गेल्यावर ८ रुपयेच वाढतात की अचानक दुप्पट होतं, एवढ्या एका तपासणीत टप्प्यांची मघाची चूक पकडली जाते.

आणि चालू रीडिंग मागीलपेक्षा कमी टाकलं तर? युनिट उणे येतील आणि बिलही उणे. त्यासाठी युनिट काढायच्या ओळीच्या वर व्हाइल टाका.

व्हाइल चालू < मागील:
    प्रिंट("चालू रीडिंग कमी कसं? परत टाका")
    चालू = इंट(इनपुट("चालू रीडिंग: "))

अट खरी आहे तोवर आतल्या ओळी परत परत चालतात. आतली दुसरी ओळ विसरलात तर चालूची किंमत कधी बदलणारच नाही आणि तोच मेसेज स्क्रीनवर धबाधबा येत राहील. घाबरायचं नाही, कंट्रोल आणि सी दाबा, थांबतं.

पायरी पाचवी: हिशोबाला नाव द्या

टप्प्यांचा हा हिशोब उद्या शेजाऱ्यांच्या बिलाला लागेल, वर्षभराच्या बेरजेला लागेल. दर वेळी आठ ओळी कॉपी करण्यापेक्षा त्यांना एक नाव देऊन ठेवू. यालाच फंक्शन म्हणतात.

डेफ वीजआकार(युनिट):
    इफ युनिट <= १००:
        रक्कम = युनिट * ४
    (बाकीचे टप्पे वरच्यासारखेच, सगळे चार स्पेस अजून आत)
    रिटर्न रक्कम

आता प्रिंट(वीजआकार(२५०)) लिहिलं की १६००. डेफच्या ओळी नुसत्या लिहिल्याने काही घडत नाही, पायथॉन ते लक्षात ठेवतो फक्त, नावाने हाक मारल्यावर काम होतं.

रिटर्न आणि प्रिंटमध्ये जवळजवळ सगळे जण घोटाळा करतात. प्रिंट स्क्रीनवर दाखवतो आणि विषय संपतो. रिटर्न उत्तर हातात देतो, मग तुम्ही ते बेरजेत वापरा, दुसऱ्या नावात ठेवा, काहीही करा. फंक्शनच्या शेवटी रिटर्नच्या जागी प्रिंट लिहिलात तर वीजआकार(२५०) + १३० करताना टाइपएरर येईल, स्क्रीनवर १६०० दिसलेलं असूनही, कारण हातात काहीच आलेलं नसतं. हे मुद्दाम एकदा करून बघा.

स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क हे बिलावरचे बाकीचे रकाने तुमच्या खऱ्या बिलावरून बघून तुम्हीच जोडा. शुल्क टक्क्यांत असतं, ते नेमकं कशाकशावर लावलंय हे बिल वाचून शोधा.

पायरी सहावी: लिस्ट आणि लूप

चार महिन्यांचे युनिट एका लिस्टमध्ये, म्हणजे यादीत, ठेवू. खालचा फॉर हा लूप आहे, तो यादीतला एकेक आकडा यु या नावाला देतो आणि आतली ओळ दर वेळी परत चालवतो.

महिने = [९६, १३०, २६५, १८०]
एकूण = ०
फॉर यु इन महिने:
    एकूण = एकूण + वीजआकार(यु)
प्रिंट(एकूण)

हे रन करायच्या आधी वहीत तक्ता करा, हा ड्राय रन टाळू नका. यु ९६ असताना आकार ३८४, एकूण ३८४. मग १३० ला ६४०, एकूण १०२४. २६५ ला १७२०, एकूण २७४४. १८० ला १०४०, एकूण ३७८४. स्क्रीनवर ३७८४ दिसलं की लूप तुमचा झाला.

आता तीन बदल करा, एकेक करून, आणि प्रत्येक वेळी आधी अंदाज लिहा. एक, प्रिंटची ओळ चार स्पेस आत घ्या. दोन, ती परत बाहेर काढा आणि "एकूण = ०" लूपच्या आत, बेरजेच्या वर न्या. तीन, "एकूण = एकूण +" मधला अधिक आणि दुसरा एकूण काढून टाका. पहिल्यात चार वेळा प्रिंट होतं, ३८४, १०२४, २७४४, ३७८४. दुसऱ्या आणि तिसऱ्यात दोन्हीकडे १०४० येतं, फक्त शेवटचा महिना, पण कारणं वेगळी आहेत, ती दोन्ही कारणं स्वतःच्या शब्दात वहीत लिहा. लूपवरचा तास-तासाचा व्हिडिओ बघण्यापेक्षा या तीन बदलांतून जास्त कळतं.

लिस्टमधला पहिला घटक महिने[०] असतो, मोजणी शून्यापासून. चार घटक आहेत म्हणून शेवटचा महिने[३], आणि महिने[४] मागितला की इंडेक्सएरर. रेंज(४) पण ०, १, २, ३ देतो, ४ देत नाही. हे सवयीने अंगवळणी पडतं, पाठ करत बसू नका.

जाता जाता, लेन हे फंक्शन लिस्टची लांबी सांगतं आणि शब्दाचीही, पण लेन("मराठी") करून बघा, उत्तर ५ येतं. आपण म, रा, ठी अशी तीन मोजतो, पायथॉन म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी अशी पाच वेगळी चिन्हं मोजतो. मराठी मजकुरावर काही करायचं ठरवलंत तर हे माहीत असणं गरजेचं आहे, नाहीतर शब्द मधूनच कापला जातो आणि काना एकटाच पुढे येतो.

एरर आली की काय करायचं

लाल अक्षरं दिसली की डोळे मिटून विंडो बंद करायची सवय असते, ती मोडा. सगळ्यात शेवटची ओळ आधी वाचा, तिथे एररचं नाव आणि कारण असतं, मग त्याच्या वर लाइन नंबर. नेमएरर म्हणजे तुम्ही वापरलेलं नाव पायथॉनला माहीत नाही, दहातल्या नऊ वेळा स्पेलिंग चुकलेलं असतं किंवा कॅपिटल-स्मॉलचा फरक. व्हॅल्यूएरर म्हणजे प्रकार बरोबर पण किंमत चालत नाही, जसं इंटला "बारा" असा अक्षरी शब्द दिला. इंडेंटेशनएरर म्हणजे स्पेसचा घोळ. सिंटॅक्सएरर म्हणजे वाक्यच मोडलंय, कोलन, कंस किंवा अवतरण राहिलंय, आणि दाखवलेल्या ओळीत काही सापडलं नाही तर तिच्या वरची ओळ बघा, न मिटलेला कंस बहुतेक तिथेच असतो.

व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलेला कोड कॉपी केला आणि दिसायला सगळं बरोबर असूनही सिंटॅक्सएरर येत असेल तर अवतरण चिन्हं तपासा. मेसेजमधून येताना सरळ अवतरणं वळणदार झालेली असतात, पायथॉनला ती चालत नाहीत. हाताने परत टाइप करा. तसंही पहिले दोन महिने सगळा कोड हाताने टाइप करा, कॉपी-पेस्ट नकोच, कारण कोलन कुठे येतो हे बोटांना कळल्याशिवाय पुढचा विचार मोकळेपणाने करता येत नाही.

एआय चॅटबॉटबद्दल मुलं हमखास विचारतात. वापरा, पण "मला लाइट बिलाचा प्रोग्राम लिहून दे" असं म्हणू नका, तो एका सेकंदात देईल आणि तुमच्या हाती काही लागणार नाही. "ही एरर आली, कारण मराठीत समजाव, दुरुस्त कोड देऊ नकोस" असं विचारा. किंवा तुमचा चालणारा कोड देऊन "यात कोणत्या इनपुटला चुकीचं उत्तर येईल" असं विचारा. आणि तो जे सांगेल ते रन करून पडताळा, त्याचंही चुकतं.

यापुढे

रोज अर्धा-पाऊण तास द्या, रविवारी सलग सहा तास बसण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. आदल्या दिवशीचा प्रोग्राम न बघता परत लिहून सुरुवात करा, जिथे अडाल तेवढंच उघडून बघा. ऐकून शिकायला आवडत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात बऱ्याच विषयांचे धडे मराठी आवाजात आहेत, आणि एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर पायथॉनचे कोर्स फुकट बघता येतात, परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तरच फी. हजारो रुपये भरून क्लास लावायच्या आधी महिनाभर हे करून बघा, मला तरी पहिल्या महिन्यात क्लासची गरज दिसत नाही.

लाइट बिल पूर्ण झालं की पुढचं गणित तुमच्या घरातलंच घ्या. भिशीचा हिशोब: किती सभासद, महिन्याला किती, कोणाचा नंबर लागला, कोणाचा हप्ता राहिला. डेअरीला दूध घालत असाल तर फॅटप्रमाणे दर आणि दहा दिवसांचं बिल. ट्रिपचा खर्च चौघांत वाटून कोणी कोणाला किती द्यायचे ते. यातलं ट्रिपचं गणित दिसतं त्यापेक्षा अवघड आहे म्हणून ते शेवटी घ्या. भिशीत तुम्हाला नाव आणि रक्कम जोडीने ठेवायची गरज पडेल, तिथे डिक्शनरी शिका. प्रोग्राम बंद केल्यावर माहिती पुसली जाते हे खटकेल, तिथे फाईल वाचणं-लिहिणं शिका. गरज पडल्यावर शिकलेलं विसरत नाही, म्हणून ऑब्जेक्ट, क्लास वगैरे शब्द ऐकून आत्ताच धावू नका.

आज रात्री मात्र एवढंच करा: घरातलं शेवटचं लाइट बिल शोधा, त्यावरचे खरे टप्पे आणि खरे दर वहीत उतरवा, आणि तुमच्या युनिटचा वीज आकार हाताने काढून बिलावरच्या रकान्याशी जुळतो का बघा. जुळला की उद्या तेच दर कोडमध्ये टाका.